फ्लॅशमधले धडे जुन्या फोनवर

महाराष्ट्रातील अनेक शाळांच्या संगणक कक्षात एक कपाट असते आणि त्या कपाटात तबकड्यांचा एक गठ्ठा असतो. ‘साधा लंबक’, ‘पचनसंस्था’, ‘सूर्यग्रहण’, ‘अपूर्णांकांची बेरीज’ अशी नावे त्यांवर पेनाने लिहिलेली असतात. साधारण २००० ते २०१५ या काळात शिक्षकांनी, शिक्षणसंस्थांनी आणि खासगी कंपन्यांनी मराठीत जे हलते-बोलते धडे तयार केले, त्यांतले बरेचसे ‘फ्लॅश’ या एकाच साधनाने बनवलेले होते. आज त्यांतला एखादा धडा ब्राउझरमध्ये उघडू गेल्यास कोरी चौकट दिसते. फाइल शाबूत असते, तिच्यातला एक अंशही बिघडलेला नसतो. पण ती वाचून दाखवणारा प्रोग्रॅमच आता राहिलेला नाही.

दुसरीकडे, घरोघरी जुने स्मार्टफोन पडून असतात. काचेला तडा गेलेला, बॅटरी अर्धा दिवस टिकणारा, नवी अ‍ॅप्स न घेणारा फोन मुलांच्या हाती येतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा असंख्य मुलांचा वर्ग याच फोनमध्ये भरला, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला अ‍ॅडोबी कंपनीने फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला. गरज आणि साधन यांची चुकामूक याहून मोठी ती काय असणार?

मग प्रश्न असा, की जुना धडा आणि जुना फोन यांची गाठ घालता येते का? पूर्वी ती कशी घालत असत, आणि आज कितपत शक्य आहे? हे समजून घेताना संगणकशास्त्रातल्या काही मूलभूत कल्पनांशी आपली ओळख होते. फ्लॅश गेला तरी त्या कल्पना जुन्या होणाऱ्या नाहीत.

रांगोळीचे दोन प्रकार

पडद्यावरचे चित्र साठवण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत म्हणजे चित्राचे बारीक चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचा रंग नोंदवणे. समजा, ८०० बाय ६०० ठिपक्यांचे चित्र आहे. एकूण ठिपके ४,८०,०००. प्रत्येकाच्या रंगासाठी ३ बाइट धरले तर १४,४०,००० बाइट होतात. सेकंदाला ५६,००० बिट, म्हणजे ७,००० बाइट वाहून नेणाऱ्या जुन्या मोडेमवरून असे एकच चित्र यायला जवळजवळ साडेतीन मिनिटे लागतील. चित्र आवळून लहान करता येते हे खरे, पण हलत्या चित्राला सेकंदाला अशी बारा ते चोवीस चित्रे लागतात.

दुसरी रीत आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखी आहे. रांगोळी शिकवणारी बाई रांगोळीच्या प्रत्येक कणाची जागा सांगत नाही. ती म्हणते, ‘इथून तिथपर्यंत रेघ, मग पाकळीसारखे वळण, आत पिवळा रंग.’ चित्राऐवजी चित्र काढण्याच्या सूचना साठवायच्या. एखादे वर्तुळ अशा सूचनांत शंभरएक बाइटांत मावते. शिवाय ते कितीही मोठे केले तरी कडा करवतीसारख्या दिसत नाहीत, कारण दर वेळी ते नव्याने रेखले जाते.

फ्लॅश या दुसऱ्या रीतीवर उभा होता. १९९६ मध्ये ‘फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर’ नावाने ते साधन बाजारात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस मॅक्रोमीडिया कंपनीने ते विकत घेऊन त्याला फ्लॅश हे नाव दिले, आणि २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच अ‍ॅडोबीकडे गेली. कमी जागेत हलती चित्रे, आवाज आणि बटणे मावत असल्याने शाळेसाठी धडे करणाऱ्यांना ते फार सोयीचे वाटले. ग्रहणाचे चित्र काढायचे, चंद्राला मार्ग आखून द्यायचा, ‘पुढे’ आणि ‘मागे’ अशी दोन बटणे ठेवायची. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या शिक्षकालाही आठवड्याभरात हे जमे.

स्वरलिपी आणि वादक

फ्लॅशमध्ये केलेले काम दोन रूपांत राहते. एक मूळ फाइल, जिच्यात चित्रकाराचे सगळे थर, नावे आणि दुरुस्त्या सुटसुटीत असतात. तिचे शेपूट ‘एफएलए’. दुसरी तयार फाइल. तिचे शेपूट ‘एसडब्ल्यूएफ’. तबकडीवर बहुतेक वेळा दुसरीच मिळते.

तयार फाइल म्हणजे लिहून ठेवलेली स्वरलिपी. कागदावरची स्वरलिपी आपोआप वाजत नाही. ती वाचून वाजवणारा वादक लागतो. फ्लॅश प्लेअर हा तो वादक. फाइलमधल्या आज्ञा कोणत्याही विशिष्ट यंत्राच्या भाषेत नसतात. त्या एका काल्पनिक यंत्रासाठी लिहिलेल्या असतात आणि प्लेअर हे काल्पनिक यंत्र खऱ्या संगणकावर उभे करतो. त्यामुळे एकच फाइल विंडोजवर, लिनक्सवर आणि फोनवरही चालू शकते. अट एकच, की त्या त्या ठिकाणी वादक हवा.

गंमत अशी, की फ्लॅशच्या पोटात अशी दोन काल्पनिक यंत्रे आहेत. अ‍ॅक्शनस्क्रिप्टच्या पहिल्या दोन आवृत्त्यांसाठी एक, आणि २००६ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीसाठी पूर्णपणे वेगळे दुसरे. एखादा जुना धडा एका फोनवर चालतो आणि दुसरा चालत नाही, याचे कारण पुष्कळदा इथे सापडते: त्या फोनवरच्या वादकाला दोहोंपैकी एकच लिपी येत असते.

खैराटचा अनुभव

याचे एक उदाहरण आपल्याकडचेच आहे. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट नावाची वाडी आहे. तिथल्या छोट्या शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. मुलांना मिळालेल्या हिरव्या-पांढऱ्या ‘एक्सओ’ लॅपटॉपमध्ये ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि २५६ मेगाबाइट स्मृती होती. म्हणजे ताकदीने तो पुढे तीन-चार वर्षांनी आलेल्या स्वस्त स्मार्टफोनच्या जवळपासचा होता. प्रकल्पाचे धोरण मुक्त आज्ञावलीचे असल्याने त्यावर अ‍ॅडोबीचा प्लेअर दिला नव्हता. त्याऐवजी ‘नॅश’ नावाचा मुक्त प्लेअर होता. जुन्या आवृत्तीच्या फाइली त्यावर बऱ्यापैकी चालत. नव्या अडखळत किंवा उघडतच नसत.

यातला धडा साधा आहे. वादक कोणाच्या मालकीचा, यावर स्वरलिपीचे भवितव्य ठरते. मुक्त वादकाला मालकी हक्काची लिपी मागून येऊन, चाचपडत शिकावी लागली आणि तो कायम दोन पावले मागे राहिला. पण पुढे मालकच निघून गेला तेव्हा उपयोगी पडली ती हीच चाचपडत शिकण्याची रीत. त्याकडे आपण पुढे येऊच.

फोनवर जाण्याच्या तीन वाटा

पहिली वाट ‘फ्लॅश लाइट’ची. साध्या फोनसाठी केलेली ही फ्लॅशची लहान आवृत्ती जपानमध्ये २००३ पासून फोनवर दिसू लागली आणि नोकियाच्या सिंबियन फोनमधून भारतातही आली. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत संगणकावरच्या फार जुन्या फ्लॅशइतकीच क्षमता होती. फ्लॅश लाइट २ मध्ये अ‍ॅक्शनस्क्रिप्टची दुसरी आवृत्ती चालू लागली, ३ मध्ये व्हिडिओ आला; पण तिसरी अ‍ॅक्शनस्क्रिप्ट या आवृत्त्यांना समजत नसे. इथे धडा बांधण्याची रीत अशी: एसडब्ल्यूएफ फाइलसोबत एक छोटासा ‘हाक मारणारा’ प्रोग्रॅम ठेवायचा आणि दोन्ही मिळून ‘एसआयएस’ नावाचे एक पॅकेज करायचे. वापरणाऱ्याने चिन्ह दाबले, की हा प्रोग्रॅम फोनमधल्या फ्लॅश लाइटला उठवून धडा त्याच्या हाती देई.

दुसरी वाट फोनच्या ब्राउझरमधील प्लेअरची. जून २०१० मध्ये अँड्रॉइडसाठी फ्लॅश प्लेअर १०.१ आला. त्याची कारकीर्द औट घटकेची ठरली. आयफोनने फ्लॅशला कधी दारातच उभे केले नव्हते. नोव्हेंबर २०११ मध्ये अ‍ॅडोबीने फोनच्या ब्राउझरसाठी नवा प्लेअर करणे थांबवत असल्याचे जाहीर केले, आणि १५ ऑगस्ट २०१२ पासून तो अँड्रॉइडच्या दुकानात नव्याने मिळेनासा झाला.

तिसरी वाट ‘एअर’ची, आणि आपल्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. कल्पना अशी: वादक फोनमध्ये असेल या भरवशावर राहायचेच नाही, धड्याबरोबर वादकही बांधून पाठवायचा. अँड्रॉइडसाठी एअर २०१० च्या ऑक्टोबरात आले. सुरुवातीला वादक वेगळा बसवावा लागे. धड्याचे अ‍ॅप लहान राही, पण पहिल्यांदा उघडताना ‘आधी एअर बसवा’ असा निरोप येई, आणि गावात इंटरनेट नसेल तर सगळे तिथेच थांबे. २०११ मध्ये आलेल्या एअर ३ पासून वादक अ‍ॅपच्या पोटातच घालता येऊ लागला. अ‍ॅप काही मेगाबाइटांनी फुगले, पण ते स्वतःच्या पायांवर उभे राहिले. ज्या शाळेत इंटरनेटचा भरवसा नाही तिथे हा सौदा केव्हाही फायद्याचा.

गाठोड्यात काय काय असते?

अँड्रॉइडचे अ‍ॅप म्हणजे ‘एपीके’ फाइल. नाव वेगळे असले तरी आतून ती आपल्या ओळखीची ‘झिप’ फाइलच आहे. एअर वापरून धड्याचे असे गाठोडे बांधायचे तर चार जिन्नस लागतात.

पहिला जिन्नस म्हणजे धडा, अर्थात एसडब्ल्यूएफ फाइल, आणि तो बाहेरून उचलत असलेली चित्रे व आवाज. अनेक धडे पडतात ते इथेच. मुख्य फाइल घेतली जाते आणि तिने हाक मारताच यायला हव्या असलेल्या दहा फाइली मागे राहतात.

दुसरा जिन्नस वर्णनपत्र. अ‍ॅपची ओळख सांगणारे नाव, आवृत्तीचा क्रमांक, कोणती फाइल आधी उघडायची, पडदा उभा की आडवा, आणि कोणकोणत्या परवानग्या हव्यात, हे सर्व त्यात लिहावे लागते. परवानगीचा रकाना विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावा. लंबकाच्या धड्याला कॅमेरा किंवा संपर्कयादी कशाला हवी? इंटरनेटशिवाय चालणाऱ्या धड्याला यातली एकही परवानगी लागत नाही.

तिसरा जिन्नस चिन्हे, म्हणजे फोनच्या पडद्यावर दिसणारी छोटी चित्रे. पडदे निरनिराळ्या घनतेचे असल्याने ती दोन-तीन आकारांत द्यावी लागतात.

चौथा जिन्नस डिजिटल सही. ही नुसती औपचारिकता नव्हे. गाठोड्यातील प्रत्येक फाइलवरून गणिताने एक छोटा ‘ठसा’ काढला जातो. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो. या ठशांवर, बांधणारा आपल्या खासगी किल्लीने सही करतो आणि तिच्या जोडीची सार्वजनिक किल्ली गाठोड्यात ठेवतो. फोन ती वापरून सही तपासतो. वाटेत कोणी धड्यात ढवळाढवळ केली असेल तर ठसा जुळत नाही आणि फोन अ‍ॅप बसवून घेत नाही. अँड्रॉइडसाठी ही किल्ली स्वतः घरी तयार केलेली चालते. मात्र ती जपून ठेवावी लागते, कारण धड्याची सुधारलेली आवृत्ती त्याच किल्लीने सही केलेली नसेल तर फोन ती जुन्या आवृत्तीवर बसवत नाही. किल्ली हरवली, की जुने अ‍ॅप आणि त्यात साठलेले मुलांचे गुण दोन्ही पुसून नव्याने सुरुवात करावी लागते.

हे चार जिन्नस एकत्र करून बांधणारे साधन एअरच्या संचातच मिळते. ते वर्णनपत्र वाचते, धडा व वादक एकत्र गुंडाळते, सही करते आणि एपीके हातात देते. आयफोनची रीत वेगळी. बाहेरून आलेल्या आज्ञा तिथे चालता-चालता यंत्रभाषेत बदलता येत नाहीत, म्हणून संपूर्ण धडा आधीच फोनच्या यंत्रभाषेत उतरवून द्यावा लागतो. शिवाय अ‍ॅप वाटण्यासाठी अ‍ॅपलकडे विकसक म्हणून नोंदणी लागते. म्हणूनच आपल्या शाळांच्या संदर्भात ‘जुना फोन’ म्हणजे बहुधा अँड्रॉइडच असतो.

पोहोचवणे: निम्मी कसोटी इथे

गाठोडे तयार झाले तरी ते फोनमध्ये उतरेलच असे नाही. सर्वांत आधी पाहावा प्रोसेसर. अँड्रॉइडवरच्या एअरला ‘एआरएमव्ही-७’ जातीचा प्रोसेसर लागतो. २०११ मध्ये आलेला सॅमसंगचा गॅलेक्सी वाय हा स्वस्त फोन त्याआधीच्या, ‘एआरएमव्ही-६’ जातीचा. त्याचा वेग ८३२ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे खैराटच्या लॅपटॉपच्या जवळजवळ दुप्पट. तरीही एअरचे अ‍ॅप त्यावर चालत नाही. अडचण वेगाची नसून भाषेची आहे. वादकाचे स्वतःचे यंत्रभाषेतले शब्दच त्या प्रोसेसरला ठाऊक नाहीत.

फोन फार नवा असला तरीही अडचण येते. जुने एअर ३२ बिटांचे होते. काही नवे फोन केवळ ६४ बिटांची अ‍ॅप्स घेतात. २०२३ मध्ये आलेला अँड्रॉइड १४ तर अँड्रॉइड ६ च्या आधीच्या नियमांनुसार बांधलेली अ‍ॅप्स सरळ नाकारतो. म्हणजे २०१३ मध्ये बांधलेला धडा मुलाच्या जुन्या फोनवर चालेल आणि गुरुजींच्या नव्या फोनवर चालणार नाही, असा उलटा प्रकार घडू शकतो. धडा पुन्हा बांधावा लागतो तो यामुळे.

इंटरनेट नसेल तर एपीके मेमरी कार्डने किंवा ब्लूटूथने देता येते. त्यासाठी ‘अज्ञात स्रोतांकडून’ अ‍ॅप घेण्याची मुभा फोनच्या सेटिंगमध्ये द्यावी लागते. काम झाले, की ती मुभा आठवणीने काढून घ्यावी. घराचे दार उघडे ठेवून झोपू नये, त्यातलाच हा प्रकार. जुन्या फोनमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबलेले असते, म्हणून ही काळजी अधिकच हवी.

लंबक मंद का झाला?

आता विज्ञान शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची बाब पाहू या. समजा, १ मीटर लांबीच्या साध्या लंबकाचा धडा आहे. त्याचा दोलनकाल सुमारे २ सेकंद. धडा करणाऱ्याने सेकंदाला २४ चित्रे धरली आणि एका दोलनाची ४८ चित्रे क्रमाने मांडली. संगणकावर सारे ठीक दिसते. दोन चित्रांत अंतर १००० भागिले २४, म्हणजे सुमारे ४२ मिलिसेकंद.

जुन्या फोनला एक चित्र रेखायला ८४ मिलिसेकंद लागले तर काय होईल? फ्लॅश सामान्यतः चित्र गाळत नाही, तो उशिरा दाखवतो. त्यामुळे ४८ चित्रांना ४ सेकंद लागतात. मुलाने घड्याळ लावून दोलनकाल मोजला आणि गुरुत्वत्वरण काढले. गुरुत्वत्वरण दोलनकालाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. दोलनकाल दुप्पट, म्हणून उत्तर चौथाई: ९.८ ऐवजी सुमारे २.४५ मीटर प्रति सेकंद वर्ग. मुलाने मोजमाप अचूक केले, सूत्र बरोबर वापरले, आणि उत्तर जवळपास चंद्र-मंगळाच्या पंक्तीतले आले!

उपाय सोपा आहे. लंबकाची जागा चित्राच्या क्रमांकावरून ठरवू नये, फोनच्या घड्याळावरून ठरवावी. दर वेळी ‘धडा सुरू होऊन किती मिलिसेकंद झाले?’ हे विचारायचे आणि त्या क्षणी लंबक जिथे असायला हवा तिथे तो रेखायचा. मग मंद फोनवर हालचाल धक्क्याधक्क्याने होईल, पण दोलनकाल २ सेकंदच राहील. ही युक्ती फ्लॅशपुरती नाही, कोणत्याही प्रतिकृतीला ती लागू आहे. कोणतीही संगणकीय प्रतिकृती वर्गात वापरण्यापूर्वी तिची एक राशी घड्याळाने मोजून पाहावी, हा नियमच करावा.

असाच फसवा हिशेब स्मृतीचा. २ मेगाबाइटचा धडा २५६ मेगाबाइट स्मृतीच्या फोनवर का कोसळतो? कारण आवळलेले चित्र दाखवण्यापूर्वी उलगडावे लागते. १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचे एक छायाचित्र, ठिपक्याला ४ बाइट या हिशेबाने, उलगडल्यावर ३१ लाख बाइटांहून अधिक जागा घेते. अशी वीस चित्रे एकदम उलगडली तर साठेक मेगाबाइट खर्ची पडले. छायाचित्रे फोनच्या पडद्याइतकीच लहान करून घेतली, की धडा चालू लागतो.

आणि हिशेब बोटाचा. ८०० ठिपके रुंदीच्या धड्यात २० ठिपक्यांचे बटण माउसला पुरते. तोच धडा ३ इंची पडद्यावर आडवा बसवला, तर सुमारे ६१ मिलिमीटर रुंदीत ते बटण दीड मिलिमीटरचे होते. बोटाच्या टोकाला सातआठ मिलिमीटर तरी हवेत. माउस नुसता वर नेला की उमटणारी नावेही बोटाने उमटत नाहीत, कारण बोट एक तर टेकलेले असते किंवा नसते.

वेलांटीची अडचण

मराठी धड्यांची एक खास अडचण आहे. ‘किती’ हा शब्द आपण लिहितो तेव्हा ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी काढतो. युनिकोडमध्ये मात्र ती ‘क’च्या नंतर साठवलेली असते, दाखवताना ती पुढे आणणे हे लिपी रेखणाऱ्या प्रोग्रॅमचे काम. जोडाक्षरांचेही तसेच. अँड्रॉइडच्या २.३ पर्यंतच्या फोनमध्ये देवनागरीची ही सोय बहुधा नसे. परिणामी चौकोन दिसत, नाही तर वेलांट्या भलतीकडे जात. २००८ च्या फ्लॅश प्लेअर १० पूर्वी फ्लॅशकडेही अशा लिप्यांसाठी स्वतःची पक्की व्यवस्था नव्हती.

यावर जुन्या जाणकारांचा उपाय असा: मजकूर अक्षरे म्हणून ठेवायचाच नाही, त्याचे आकारांत रूपांतर करायचे. मग ‘क्षितिज’ हा शब्द फोनच्या लेखी शब्द नसून रेघा आणि वळणे असतो, आणि कुठल्याही फोनवर तो जसाच्या तसा दिसतो. किंमत अशी, की तो मजकूर शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, आणि अंध विद्यार्थ्याला फोन तो वाचूनही दाखवू शकत नाही. शिवाय त्या काळचे पुष्कळ धडे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. त्यांचा मजकूर बाहेर काढल्यास इंग्रजी अक्षरांचा काला हाती येतो. म्हणून धडा नव्याने करताना मूळ मराठी मजकूर युनिकोडमध्ये वेगळा टंकून ठेवणे हे पहिले काम समजावे.

आज काय करावे?

एक काम मुळीच करू नये. फ्लॅश प्लेअर आता अ‍ॅडोबीकडून मिळत नाही. १२ जानेवारी २०२१ पासून अ‍ॅडोबीचा प्लेअर स्वतःहूनच धडे चालवण्याचे नाकारतो. तेव्हा ‘फ्लॅश प्लेअर’ या नावाने कोणी एपीके देऊ करत असेल तर ती घेऊ नये. या नावाआड घातक प्रोग्रॅम लपवणे ही जुनी चाल आहे.

करण्याजोगे चार मार्ग आहेत. पहिला, पुन्हा बांधणे. एअर संपलेले नाही. २०१९ पासून हार्मन ही कंपनी ते सांभाळते आणि ६४ बिटांचे अँड्रॉइडही त्यात आले आहे. धड्याची फाइल हातात असेल आणि तिच्यावर आपला हक्क असेल तर हा मार्ग सर्वांत जवळचा.

दुसरा, नवा मुक्त वादक. ‘रफल’ नावाचा मुक्त प्रोग्रॅम फ्लॅशच्या दोन्ही काल्पनिक यंत्रांची नक्कल आधुनिक ब्राउझरच्या आत करतो. जुन्या यंत्राची नक्कल चांगली साधली आहे, नव्याचीही सुधारत आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये इंटरनेट आर्काइव्ह या संग्रहाने जुन्या फ्लॅश फाइली जतन करण्यासाठी हाच वादक निवडला. त्याला वेबअसेंब्ली समजणारा ब्राउझर लागतो, म्हणजे साधारण २०१७ नंतरचा. त्याहून जुना ब्राउझर असलेल्या फोनला या वाटेने जाता येत नाही.

तिसरा, नव्याने लिहिणे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाने २००२ पासून केलेल्या जावा आणि फ्लॅशमधील अनेक विज्ञान-प्रतिकृती एचटीएमएल-५ मध्ये पुन्हा लिहिल्या. त्यांतील कितीतरी मराठीतही उपलब्ध आहेत आणि उतरवून घेतल्यास इंटरनेटशिवाय चालतात. आपला लंबकाचा धडा जिवापाड जपण्याआधी तिथला लंबक पाहून घ्यावा.

चौथा, चित्रफीत करणे. धडा नुसता पाहण्याचा असेल तर हे पुरते. पण ज्या धड्यात मुलाने लंबकाची लांबी बदलायची असते, त्याची चित्रफीत केली की प्रयोग संपतो आणि फक्त पाहणे उरते.

देवनारच्या रस्त्यावरून

मुंबईत देवनार-मानखुर्दच्या वि. ना. पुरव मार्गावर टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र या दोन संस्था आहेत. यांपैकी टाटा संस्थेने टाटा न्यास आणि मॅसॅच्युसेट्‌स तंत्रज्ञान संस्था यांच्यासह २०१५ मध्ये ‘क्लिक्स’ हा उपक्रम सुरू केला. राजस्थान, मिझोराम, छत्तीसगड आणि तेलंगण येथील सरकारी माध्यमिक शाळांसाठी गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे संगणकीय धडे त्यात तयार झाले. धडे शाळेतल्याच छोट्या सर्व्हरवर ठेवले, म्हणजे इंटरनेट नसतानाही चालावेत. आणि मुक्त आज्ञावली वापरली, म्हणजे ते एका कंपनीच्या मर्जीवर राहू नयेत. या उपक्रमाला युनेस्कोचा २०१७ चा किंग हमाद पुरस्कार मिळाला. फ्लॅशच्या कहाणीतून जे दोन निष्कर्ष निघतात, तेच दोन निर्णय इथे सुरुवातीलाच घेतलेले दिसतात.

त्याच देवनारमध्ये १९२७ पासून मुंबईचा कचरा साठत आलेला डोंगर आहे. तुटके फोनही अखेर कचऱ्यातच जातात. २०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नव्या नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकली आहे. तरी पुनर्चक्रीकरणाहून चांगली गोष्ट म्हणजे यंत्र आणखी दोन वर्षे कामात ठेवणे. सिमकार्ड काढलेला, इंटरनेट बंद केलेला, दहा धडे भरलेला जुना फोन वर्गातल्या चार मुलांच्या गटाला प्रयोगपेटीसारखा वापरता येतो. सुरक्षेची निम्मी काळजी त्यातच मिटते.

वर्गात करून पाहण्यासारखे

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना पुढील कामे सहज जमतील. एखादी एसडब्ल्यूएफ फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडा. पहिली तीन अक्षरे ‘एफ-डब्ल्यू-एस’ असतील तर फाइल उघडी आहे. पहिले अक्षर ‘सी’ किंवा ‘झेड’ असेल तर ती आवळलेली आहे. लगेच पुढचा चौथा बाइट फ्लॅशची आवृत्ती सांगतो. ९ पेक्षा लहान संख्या असेल तर धडा जुन्या यंत्रासाठी आहे, आणि रफलवर तो चालण्याची शक्यता चांगली. एखाद्या एपीके फाइलचे शेपूट बदलून ‘झिप’ करा आणि आत काय आहे त्याची यादी करा. आणि कोणत्याही प्रतिकृतीतील लंबकाची दहा दोलने दोन वेगवेगळ्या फोनांवर घड्याळाने मोजून तुलना करा.

शिक्षकांसाठी एकच काम, पण ते तातडीचे आहे. तबकड्यांवरील विदा वर्षांगणिक झिजते. त्या कपाटातल्या तबकड्या या महिन्यातच संगणकावर आणि दुसऱ्या एखाद्या साठवणीवर उतरवून घ्याव्यात. कोणता धडा कोणी, केव्हा, कोणत्या इयत्तेसाठी केला हे लिहून ठेवावे, आणि धडा करणारे सहकारी अजून भेटण्याजोगे असतील तर त्यांच्याकडून मूळ एफएलए फाइली मागून घ्याव्यात. वादक पुन्हा घडवता येतो, हे रफलने दाखवून दिले आहे. स्वरलिपीच हरवली तर मात्र कोणताही वादक काही करू शकत नाही.